दारात बसणारी गाडी

लाम्पांग
२२ जुलै, बुद्धवर्ष २५४९

वंदनीय लुआंग पी प्रयून यांच्या चरणी थवीसाकचा त्रिवार नमस्कार.

एवढं लिहूनच माझं अर्धं बळ संपलं. लुआंग पी म्हणजे थोरला भाऊ, आणि तू तर माझ्याहून एका पावसाळ्याने धाकटा. लहानपणी तुझं नाक मी पुसलेलं आहे. पण आता डोकं भादरून चीवर नेसलास, म्हणजे अरे-तुरे केलं तर पाप माझ्या माथी. तेव्हा पत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मी नीट वागेन. मधल्या मजकुरात जीभ घसरली, तर आपण डोळे मिटून वाचावं.

मुद्द्यावर येतो. माझ्या गाडीला वेड लागलं आहे, आणि त्यापायी माझं लग्न मोडायच्या बेतात आहे. लग्न अजून ठरलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तू गॅरेजला कुलूप घालून विहारात गेलास, त्याच्या पुढच्याच वर्षी मी ही इंग्रजी गाडी घेतली. तू असतास तर घेऊ दिली नसतीस, म्हणूनच घेतली. चारही चाकं ओढतात, चामड्याच्या खुर्च्या आहेत, पुढे खऱ्या लाकडाची पट्टी आहे. तिच्या पहिल्या मालकाकडे ती राणीसारखी राहिली असणार. माझ्याकडे ती मियांगच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांच्या, टोपल्या वाहते आणि तिला तो वास अजून मानवलेला नाही. रंग काळा. माझ्या जन्मवाराला काळा चालत नाही, म्हणून मागे पट्टी चिकटवली आहे, ‘ही गाडी पिवळी आहे’. गेल्या महिन्यात पोलिसाने अडवलं, पट्टी वाचली, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, जा.

तर आजार असा. या गाडीला साध्या स्प्रिंगा नाहीत, चाकांवर हवेच्या रबरी पिशव्या आहेत. दोन खुर्च्यांच्या मधे एक बटण आहे, त्याने गाडी उंच करता येते किंवा पार खाली बसवता येते. बसवायचं बटण मी आयुष्यात दाबलेलं नाही. तरी ती बसते. बरं, कुठेही बसत नाही. बाजारात नाही, पेट्रोल पंपावर नाही. ती फक्त डोंगरावर, पांग हुआयच्या शेवटच्या घरापुढे बसते. मी ऐटीत गाडी थांबवतो, दार उघडतो, आणि ती फुस्स करून पोटावर येते. मी उतरायच्या आधी माझी ऐट उतरते.

आता ते घर कुणाचं, ते विचार. सायुतचं. चहाची बाग स्वतः बघते, पानं स्वतः वाफवते, आणि हिशेबात मला एक पेंढीही सोडत नाही. एकोणपन्नास वर्षांची आहे, हसली की मी काय बोलत होतो ते विसरतो. मी छप्पन्नाचा. रात्री घरी गेल्यावर रेडिओशी बोलतो. हे तुला सांगतोय, बाकी कुणाला नाही. मागे एकदा धीर करून तिला नुसतं विचारलं, की डोंगर उतरून खाली राहायला यावंसं वाटतं का. ती म्हणाली, ‘आईला एकटी टाकून मी कुठेही येणार नाही. आई हो म्हणाली, तर मीही हो.’

आई म्हणजे मे-उई बुआखाम, साऱ्या डोंगराची आजी. वय चौऱ्याऐंशी. दर शनिवारी मी पोचतो तेव्हा ती दारातल्या बांबूच्या बाकावर बसलेली असते, ठेवणीतलं फासिन नेसून, अंबाड्यात फूल खोचून, हातात छत्री घेऊन. माझ्यासारख्या व्यापाऱ्याचा एवढा मान ठेवते बिचारी. आणि तिच्या समोर माझी गाडी दमलेल्या रेड्यासारखी बसकण मारते. म्हातारी गाडीकडे बघते, माझ्याकडे बघते, मी दात दाखवतो, आणि टोपल्या मोजायला पळतो. असल्या माणसाच्या हाती कोण मुलगी देईल?

इथल्या तीन मिस्त्रींना दाखवली. तिघांनी बॉनेट उघडलं, आतलं वायरिंग पाहिलं, आणि बॉनेट हळूच लावून टाकलं. एकाने वर उदबत्ती लावली. मी स्वतः गाडीच्या देवीला, मे या नांगला, दर शनिवारी बाजारातून बर्फातला ताजा मोगऱ्याचा हार आणतो. आरशाचा आकडा तुटला आहे, म्हणून हार मधल्या खणात ठेवतो. देवी रागावली असेल म्हणून आता दुप्पट मोठा आणतो. तरी बसते. उलट जास्तच बसते.

आपण वर्षावासात आहात, विहार सोडून येता येणार नाही, हे ठाऊक आहे. पण पत्राने तरी इलाज सांगावा, ही आपल्या चरणी विनंती.

आपला नम्र,
थवीसाक


अरण्य विहार, लेय
३ ऑगस्ट

उपासक थवीसाक यांस मंगल असो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा डोळे मिटून, तू सांगितलंस तसं, आणि एकदा उघडे ठेवून. हसू आवरेना, म्हणून चंक्रमणाच्या वाटेवर जाऊन हसलो. तिथे चालताना कुणी हसू नये असा नियम लिहिलेला नाही, पण बाकीच्यांचे चेहरे पाहिल्यावर तो असावा असं वाटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडीबद्दल हवं ते विचार, बाईबद्दल विचारू नकोस. भिक्खूने लग्न जुळवण्यात बोट घालायचं नसतं. आमच्याकडे तो फार जड अपराध आहे. तेव्हा सायुतबाईंचं हसणं, तिच्या आईचं फूल आणि तुझा रेडिओ, हे मी वाचलेलंच नाही असं समज. रेडिओचं वाचून मात्र वाईट वाटलं. एवढं म्हणायला हरकत नसावी.

आता गाडी. तुझा रोग तूच लिहून पाठवला आहेस आणि तुलाच तो दिसला नाही. हार बर्फातला, म्हणजे ओला. तू तो ठेवतोस मधल्या खणात. खणाच्या मागे काय आहे? ते बटण. सपाट रस्त्यावर पाणी खणातच राहतं. पांग हुआयचा चढ मला ठाऊक आहे, तिथे गाडीचं नाक आभाळाकडे असतं. पाणी मागे वाहतं, बटणाच्या फटीत शिरतं, आत कॉन्टॅक्ट भिजून जुळतात, आणि गाडीला वाटतं की मालकाने बसायला सांगितलं. दार उघडेपर्यंत ती बिचारी दम धरते, मग आज्ञा पाळते. आणि तू देवीची क्षमा मागून आणखी मोठा हार आणतोस. धन्य आहेस.

इलाज. आधी बॅटरीची काळी तार काढ. आधी, असं मी दोनदा म्हणेन, कारण मी तुला ओळखतो. आधी. मग बटणाचा पत्रा पातळ चाकूने उचल, ओरखडा पाडू नकोस, खरं लाकूड आहे. बटण उन्हात वाळव. पितळी टोकांवर हिरवट थर आला असेल तो शाळेतल्या खोडरबराने पुस, पॉलिश पेपर लावलास तर आतला मुलामा जाईल. परत बसवताना कडेने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाल. आणि हार यापुढे बाहेर, पुढच्या जाळीला बांध. देवी बाहेरही बसते, तिला वारा आवडतो.

एक मात्र ध्यानात ठेव. त्या फटीखालून सगळ्या वायरी खुर्चीखालच्या एका पेटीत जातात. काचा, हॉर्न, वाइपर, दारांची कुलपं, सगळ्यांचा कारभार तिथून चालतो. पाणी अजून तिथवर गेलेलं नाही, हे तुझं नशीब. ते जाऊ देऊ नकोस.

हे सगळं मी दानपत्रिकेच्या मागच्या बाजूला आकृती काढून समजावत होतो, तेवढ्यात थोरले भन्ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘प्रयून, हे कुठल्या ध्यानाचं चित्र?’ मी म्हटलं, ‘भन्ते, अनित्याचं.’ ते म्हणाले, ‘फ्यूज राहिला काढायचा.’ आकृती सोबत आहे, फ्यूज त्यांच्या हातचा.

मैत्रीपूर्वक,
भिक्खू प्रयून


लाम्पांग
२० ऑगस्ट

लुआंग पी, वंदन. वंदन झालं. आता ऐक.

तू माझं वाटोळं केलंस.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. काळी तार आधी काढली. बटण वाळवलं. शेजारच्या पोरीच्या दप्तरातलं खोडरबर आणलं, तिला त्याबदल्यात ‘ही गाडी पिवळी आहे’ ची उरलेली पट्टी दिली, ती तिने मांजराला लावली. ट्यूबची पट्टी बसवली. हार पुढे जाळीला बांधला. शनिवारी चढ चढताना मी मोठ्याने गात होतो.

पांग हुआयला पोचलो. गाडी थांबवली. दार उघडलं. आणि गाडी उभी राहिली. अशी ताठ, अशी उंच, की तिचं छप्पर मे-उईच्या डोक्याच्या वर हातभर. मला वाटलं, आता तरी म्हातारीला कळेल, आपण कुणाशी सोयरीक करतोय.

मे-उई बाकावरून गाडीकडे बघत राहिली. बराच वेळ. जणू काही व्हायची वाट बघत होती. मग उठली, छत्री मिटली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी टोपल्या मोजल्या. सायुतने चहासुद्धा विचारला नाही. निघताना तिला हळूच विचारलं की काय झालं. ती म्हणाली, ‘आई म्हणते, गाडी आता पूर्वीसारखी वागत नाही.’ आणि तीही आत गेली. पुढच्या शनिवारी म्हातारी बाहेर आलीच नाही. बाक रिकामा. मी उगाच बाकाला नमस्कार केला.

खाली येताना सगळा उलगडा झाला. वडीलधारं माणूस खाली बसलेलं असताना त्याच्यापुढून जाताना आपण वाकतो की नाही? डोकं त्याच्या डोक्याच्या वर जाऊ देत नाही की नाही? मग माझी गाडी काय करत होती? दर शनिवारी मे-उईच्या पुढे येऊन वाकत होती. म्हातारीला वाटलं, वा, काय संस्कारी माणूस आहे, याची गाडीसुद्धा मोठ्यांचा मान राखते. जी माझी शोभा होती, तिचीच मला लाज वाटत होती. आणि आता ती गाडी तिच्या डोक्याच्या वर ताठ उभी राहते. मी स्वतःच्या हाताने, शाळेतल्या खोडरबराने, आपलं नशीब पुसून टाकलं.

मी हार परत खणात ठेवून पाहिला. काही झालं नाही. तुझी ट्यूबची पट्टी फार चांगली बसली आहे. तुझं काम तसं नेहमीच चांगलं असायचं, म्हणून तर तुला शिव्या देतोय.

तर आता एवढंच सांग. बिघाड परत कसा आणायचा? असा, की दारात गेली की बसेल, आणि दुसरं काही होणार नाही. आपल्या ज्ञानाला हे काय अवघड. मला सायुतशिवाय जगायचं नाही, प्रयून. हे छप्पन्नाव्या वर्षी लिहिताना हसू येतं, पण खरं आहे. वर्षावास संपायच्या आत काहीतरी करायला हवं, कारण पलीकडच्या गावातला एक लाकडाचा ठेकेदार तिच्या घरी मध घेऊन येतो म्हणे. त्याची गाडी नवी आहे.

उत्तर लवकर धाडावं.

आपला,
थवीसाक


अरण्य विहार, लेय
१ सप्टेंबर

उपासक थवीसाक यांस मंगल असो.

नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. तुझं पत्र आल्यापासून मी ध्यानाला बसतो आणि डोळ्यांपुढे तुझं ते बटण येतं. बिघाड परत कसा आणायचा, ते मला ठाऊक आहे. एक पातळ तार, एक छोटा स्विच, हँडलखाली लपवायचा; अर्ध्या दुपारचं काम. बोटं शिवशिवतात. तीन वर्षं झाली, मी पक्कड हातात धरलेली नाही.

पण नीट विचार कर. गाडी वाकली की म्हातारी हो म्हणणार. म्हातारी हो म्हणाली की मुलगी हो म्हणणार. म्हणजे तुझ्या लग्नाचा निरोप ती गाडी पोचवणार, आणि गाडीच्या तोंडी तो निरोप घालणार मी. मग मध्यस्थ कोण झाला? आमच्या विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, तेरा जड अपराध आहेत, त्यातला पाचवा हाच. तो नियम करताना तारेचा उल्लेख झालेला नसेल, पण पळवाट शोधणारा भिक्खू हा कसला भिक्खू.

मी स्वतःच्या बुद्धीवर विसंबलो नाही. थोरल्या भन्त्यांना विचारलं. म्हटलं, समजा एका उपासकाची गाडी आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते इतके हसले, की पलीकडच्या कुटीतले भन्ते त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले. हसून झाल्यावर म्हणाले, ‘तार सांगू नकोस.’ मग पाणी पिऊन म्हणाले, ‘गाडी बसायची तेव्हा तो उपासक काय करायचा, एवढं त्याला विचार.’

तेव्हा विचारतो. गाडी बसायची तेव्हा तू काय करायचास?

बाकी, बटण कोरडं ठेव. बिघाड परत आणायचा म्हणून काहीबाही करशील, असं मला वाटतं. करू नकोस. पेटीत पाणी गेलं तर मी इथून काही करू शकणार नाही. आणि ठेकेदाराच्या मधाबद्दल मी काहीही वाचलेलं नाही. तो मध गाळलेला असतो का, एवढंच मनात आलं.

मैत्रीपूर्वक,
भिक्खू प्रयून


लाम्पांग
११ सप्टेंबर

लुआंग पी, वंदन, वंदन, आणि आणखी एक वंदन मे-उई बुआखामकडून, तिने आठवणीने सांगितलं आहे.

तुझं पत्र मला काल मिळालं. परवाच सगळं होऊन गेलं होतं. तेव्हा रागावून उपयोग नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघवेना. ठेकेदार म्हणे मधाचं मोठं भांडं घेऊन जाऊन आला. मी ट्यूबची पट्टी काढली, खणात हार ठेवला, आणि पाणी कमी पडायला नको म्हणून वरून नारळाच्या डवल्याने पाणी ओतलं. एक डवला. मग आणखी एक. मला माप कळत नाही हे तुला ठाऊक आहे.

अर्ध्या चढावर वाइपर सुरू झाले. कडक ऊन होतं. पुढच्या वळणावर चारही काचा खाली आल्या, मग वर गेल्या, मग परत खाली आल्या आणि तिथेच राहिल्या. मी देवीला म्हटलं, एवढं घरापर्यंत ने. मे-उईच्या दारात पोचलो. गाडी थांबवली. श्वास रोखून दार उघडलं. आणि हॉर्न अडकला.

प्रयून, तुला तो हॉर्न माहीत नाही. इंग्रजी आहे, दोन सुरांचा. कोंबड्या छपरावर गेल्या. चहाच्या बागेतून बायका धावत आल्या. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं नवरदेव आला. गाडी बसायचं नाव घेईना. शेवटी बसली, पण फक्त डावीकडून. एक बाजू खाली, एक बाजू वर, वाइपर चालू, काचा उघड्या, आणि ती सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी बोंबलतेय.

दार उघडून मे-उई बाहेर आली. कानात बोटं घालून. मागे सायुत, ओठ चावत हसू दाबत होती. आता माझं सगळं संपलं, असं मला वाटलं.  मी चिखलात गुडघे टेकले, हात जोडले, आणि हॉर्नच्या वर ओरडून सांगितलं, मे-उई, चुकलो, गाडी दुरुस्त केली ती माझी चूक, ती पूर्वी तुमच्यापुढे वाकायची, तुमचा मान ठेवायची, आता बिघडलीय ती वाकत नाही, म्हणून मी वाकतो.

म्हातारीने कानातली बोटं काढली. गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘मूर्ख आहेस का रे तू?’ ती म्हणाली. ‘माझा बाप जंगलात सागवान ओढणारे हत्ती हाकायचा. हत्ती दारात येऊन बसतो, तेव्हा तो नमस्कार करत नसतो. चढ म्हणत असतो.’

मला कळेना. मी तसाच चिखलात. ती छत्रीचं टोक गाडीकडे करून म्हणाली, ‘दर शनिवारी ही माझ्यापुढे येऊन बसायची. मी नेसून, नटून, छत्री घेऊन तयार. आणि तू खाली उतरून टोपल्या मोजायला पळायचास. एकदाही म्हणाला नाहीस, मे-उई, बसा. मग एक दिवस गाडीही उभीच राहिली. मी म्हटलं, झालं, हिलाही आता म्हातारी नको.’

लुआंग पी, गुडघे गेल्यापासून ती डोंगर उतरलेली नाही. लोकांच्या गाड्या उंच, तिला चढवत नाही. कुणी उचलून बसवलेलं तिला खपत नाही. मोटारसायकलवर ती बसत नाही. तिची धाकटी बहीण खाली बाजाराजवळ राहते, तिला तिने किती वर्षांत पाहिलेलं नाही. आणि ही गाडी जगात कशासाठी बसते? आता तूच सांग. म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून. ते बटण त्यासाठीच आहे. मला दोन वर्षांत कळलं नाही, मिस्त्रींना कळलं नाही, आणि तिने पहिल्याच दिवशी ओळखलं.

तुझा प्रश्न काल वाचला आणि खाली बसलो. गाडी बसायची तेव्हा मी काय करायचो? मी लाजायचो. स्वतःबद्दल. समोर एक माणूस नटून बसलंय, त्याला कुठे जायचं असेल, हे मनातच आलं नाही. याची मला आता खरी लाज वाटते.

पण त्या वेळी लाजायला वेळच नव्हता. डावी बाजू खालीच होती, ती बरोबर तिच्या बाजूला. तिने एका हाताने दार धरलं, एका हाताने सायुतला धरलं, आणि चढून बसली. पुढच्या खुर्चीत, ताठ. मी हॉर्नचा फ्यूज काढायला गेलो, भन्त्यांनी आकृतीत दाखवलेला तोच. ती म्हणाली, ‘राहू दे. वाजू दे. कळू दे सगळ्यांना.’

इंजिन सुरू केल्यावर गाडी हळूहळू सरळ झाली. आम्ही डोंगर उतरलो. हॉर्न वाजत होता, वाइपर कोरडी काच पुसत होते, चारही खिडक्यांतून वारा, आणि मे-उई वाटेत दिसेल त्या प्रत्येकाला हात करत होती. ओळखीच्यांना आणि अनोळखींनाही. वाटेत तो ठेकेदार आपली नवी गाडी बाजूला घेऊन उभा राहिला. त्याला वाटलं, कुणी मोठा अधिकारी चाललाय. मे-उईने त्याला छत्री हलवून दाखवली. मागून सायुत इतकी हसत होती, की मला रस्ता दिसेना, कारण मी आरशातच बघत होतो.

बहिणीच्या दारात गेल्यावर मात्र मी फ्यूज काढला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून बसल्या. मी आणि सायुत बाहेर उभे होतो. मग सगळ्यांनी बाजारात खनोम चीनच्या शेवया खाल्ल्या. मे-उईने दोन वाट्या संपवल्या आणि माझ्या वाटीतलं लोणचंही उचलून घेतलं.

लग्नाबद्दल तिने एक शब्द काढला नाही. मीही नाही काढला. खरं सांगू, त्या दिवशी मला आठवणच झाली नाही.

खुर्चीखालची पेटी उन्हात वाळत ठेवली आहे. काळी तार आधी काढली. आता काय करू, ते सांग. बसायचं बटण मात्र असं कर, की हवं तेव्हा दाबलं की बसेल. ते आता मला रोज लागणार आहे, असं वाटतं. यात मध्यस्थी काही नाही ना, तेवढं भन्त्यांना विचारून घे.

आपला,
थवीसाक


पांग हुआय
२६ सप्टेंबर

लुआंग पींना बुआखामचा नमस्कार. मी सांगते आणि सायुत लिहिते. ती मधे मधे हसते, त्यामुळे अक्षर वाकडं येईल.

गाडीची पेटी कशी सुकवायची, ते तुमचं पत्र थवीसाकने मला वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलंत की बटण नीट चालणं ही दुरुस्ती आहे, मध्यस्थी नाही, आणि थोरल्या भन्त्यांनीही मान हलवली. मला बरं वाटलं. आता गाडी बटण दाबलं की बसते आणि बटण दाबलं की उठते. मी दोन्ही वेळा आतच असते, मला ते फार आवडतं. एक काच अजून अर्धीच वर जाते. ती राहू द्या. वारा येतो.

तुम्हाला लग्नाबद्दल काही सांगायचं नाही, असं थवीसाकने मला चारदा बजावलं. तुम्हाला अपराध लागतो म्हणे. म्हणून मी काही विचारत नाही, नुसती बातमी देते. बातमी ऐकायला मनाई नसावी.

तो माणूस वाईट नाही. भित्रा आहे. दोन वर्षं माझ्या दारात येऊन टोपल्या मोजत होता, आणि माझी मुलगी दोन वर्षं त्याला एक टोपली कमी सांगायची, म्हणजे तो परत मोजेल. (आई हे मुद्दाम लिहायला लावते आहे. मी असं केलेलं नाही. फक्त तीनदा केलं. सायुत.) तो विचारेल म्हणून ती थांबली. मी बोलावेन म्हणून तो थांबला. तो बसा म्हणेल म्हणून मी थांबले. तिघं जण थांबून राहिलो आणि गाडी एकटीच बोलत होती.

गेल्या शनिवारी त्याने गाडी बसवली, खाली उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘मे-उई, बसा.’ मी बसले. वाटेत घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवायला सांगितली. तिथून खालचं अख्खं खोरं दिसतं, भाताची शेतं, नदी, माझ्या बहिणीच्या घराचं छप्पर. कितीतरी वर्षं माझं जग दारातल्या बाकापाशी संपत होतं. मी तिथे थोडं रडले. तोही रडला, आणि तुम्हाला सांगू नका म्हणाला. मी सांगितलं.

मग मी त्याला स्पष्ट बोलले. म्हटलं, मुलगी खाली राहायला आली, तर मी पण येणार. आणि या गाडीत पुढे मी बसणार, सायुत मागे. लग्नाच्या दिवशीही, आणि त्याच्यानंतरही. तिला सवय होऊ दे.

तो जरासुद्धा थांबला नाही. हो म्हणाला.

मग मीही हो म्हटलं.